परसातील पाखरांची शाळा

पेडण्याला आमच्या आजोळी मे महिन्यात पहाट होते ती दयाळाच्या शिटीने. कोंबडा त्याच्या आधी आरवतो हे खरे. पण कोंबड्याचे आरवणे ही वर्दी, दयाळाचे मात्र गाणे. विहिरीजवळच्या माडाच्या शेंड्यावर शेपूट उभारून तो काळापांढरा पक्षी बराच वेळ गात राहतो आणि तीच जागा दुसऱ्यांदा घेताना थोडी तरी बदलून घेतो. माझ्या वडिलांना हा पक्षी फार प्रिय. सासुरवाडीला आले की पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ते बोटांनी चटईवर ठेका धरीत आणि "ह्याला साथ करणे कठीण आहे बुवा," असे म्हणत. मामा ही गोष्ट अजून सांगतात.

वडील बडोदे दरबारच्या कलावंतांच्या अगदी शेवटच्या पिढीतले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. म्हणजे दरबारची चाकरी जेमतेम तीन वर्षांची. पण 'दरबारी तबलजी' ही पदवी त्यांना आयुष्यभर पुरली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांच्या हाताची तयारी माझ्याकडे आली नाही, शिकवण्याची हौस तेवढी आली, आणि त्या हौसेवर मी गेली वीस-बावीस वर्षे ह्या शहरात मुलांना गाणे शिकवीत आहे. आई पेडण्याची. आपल्या मंडळींपैकी कितीतरी जणांची कुलदैवते गोव्यात आहेत, तेव्हा पेडणे आणि डिचोली ही नावे वाचकांना परकी वाटू नयेत. पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात असलेला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख. मुलांची घरची बोली कोंकणी, शाळेचे पुस्तक मराठी, आणि अलीकडे पुष्कळांच्या दप्तरात इंग्रजीही.

सुट्टीत तेथे गेलो की मामी मला स्वस्थ बसू देत नाही. काही वर्षांपूर्वी तिने शेजारची दहा-बारा मुले ओसरीवर आणून बसवली, सहा ते दहा वर्षांची, आणि म्हणाली, "तू मास्तर ना? मग शिकव ह्यांना काहीतरी. उन्हात नुसती हुंदडतात." मी पेटी काढली, षड्ज लावला. मुले घसा ताणून ओरडू लागली. मास्तराला अशा वेळी काय वाटते ते मास्तरच जाणे. तेवढ्यात अंगणापलीकडच्या वडावर तांबट सुरू झाला. टुक्, टुक्, टुक्. पुढे बसलेली एक लहानशी मुलगी सूर सोडून तिकडे कान लावून बसली आणि म्हणाली, "सर, तो बघा, मोजतोय."

पेटी तेथेच मिटली. आम्ही सगळे वडाखाली गेलो. घड्याळ लावून मोजले तर मिनिटाला शंभराच्या वर ठोके पडत होते. पुस्तकांतही साधारण शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान असाच आकडा दिलेला आहे. आधी दबक्या आवाजात सुरुवात, मग आवाज भरत जातो, आणि एकदा भरला की लय रेसभरही हलत नाही. तांबे ठोकणाऱ्या कारागिराचे नाव ह्या पाखराला ज्याने दिले त्याचा कान खरोखर तयार असला पाहिजे. त्या लयीत आम्ही टाळ्या देत त्रिताल म्हटला. कोणत्याही मुलाची मात्रा चुकली नाही. मग मुलांना दिसले की तांबट ठोका देताना चोच उघडतच नाही. मिटल्या चोचीने गळा तेवढा फुगतो आणि बसतो. लगेच सगळ्यांनी तोंडे मिटून हुंकार भरून पाहिले, आणि माझ्या ध्यानात आले की जो खर्जाचा अभ्यास मुलांकडून करून घ्यायला मला बडोद्याला दोन महिने लागतात तो येथे एका सकाळी आपोआप सुरू झाला आहे.

त्या दिवसापासून आमचा क्रम ठरला तो असा: आधी कान, मग हात, आणि पुस्तक सर्वांत शेवटी. शाळांमधून हा क्रम बरोबर उलटा असतो. आधी पुस्तकातले चित्र, मग चित्रावरून चित्र, आणि पक्षी दिसला तर दिसला. वडिलांनी मला पहिले काही महिने गाऊ दिले नव्हते. नुसता तंबोरा ऐकायचा. त्या वेळी त्यांचा फार राग येई.

आपल्या संगीतशास्त्रातही स्वर आधी प्राण्यांकडूनच आले, असे म्हटले आहे. नारदीय शिक्षेत षड्ज मोराचा, मध्यम क्रौंचाचा आणि पंचम वसंतातल्या कोकिळाचा सांगितला आहे. बाकीचे स्वर गाय, बोकड, घोडा, हत्ती ह्यांच्याकडे गेले आहेत. मी हे मुलांना सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मग तांबटाचा कुठला?" तांबटाला ग्रंथकारांनी स्वर दिलेला नाही. त्याच्याकडे लय आहे, असे सांगून मी वेळ मारून नेली. कोकिळाचा पंचम मात्र आम्ही तंबोऱ्यावर लावून पाहिला. खरे सांगायचे तर त्याचा स्वर कुठे ठरतच नाही. 'कुऽऊ' हा खालून वर ओढलेला सूर, आणि प्रत्येक हाकेला तो आणखी थोडा वर चढतो, इतका की शेवटी आपणच कासावीस होतो. पंचम म्हणणाऱ्यांनी तो कुठे धरला ते त्यांनाच ठाऊक. पण शोध घेता घेता मुलांचे कान तयार झाले.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण सर्रास 'कोकिळा गाते' असे म्हणतो. गातो तो काळाभोर नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, आणि ती ओरडते 'किक् किक् किक्'. तीच गोष्ट सुगरणीची. बहिणाबाईंच्या कवितेमुळे ती घरोघर पोहोचली आहे. पण भाताच्या पातीचे तंतू काढून तो लांबट खोपा विणणारा नर असतो, मादी येऊन पाहते आणि पसंत पडला तरच राहते. आपल्या भाषेने गाणे आणि विणकाम ही दोन्ही कामे बायकांच्या नावावर लिहून टाकली आहेत. मामीला हे सांगितले तर ती म्हणाली, "पसंत करायचं काम कोणाकडे आहे ते महत्त्वाचं."

आणखी एक गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीची ओळख सांगणारी एकेक तबकडी आहे. त्या तबकडीवर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर पाखरांचे आवाजही आहेत. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारचे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुलांना दरबाराचे काही वाटत नाही. "त्यात आमचा दयाळ आहे काय?" एवढेच ते विचारतात.

पेडण्याचा आठवडा संपला की दुसरा आठवडा डिचोलीला. डिचोली म्हणजे लोहखनिजाचा तालुका. खाणीच्या वाटेवर झाडांची पानेसुद्धा तांबडी. पण ह्याच भागात कुंभारकाम जुने आहे, आणि चतुर्थीचे गणपती घडवणाऱ्या चित्रशाळाही आहेत. अशाच एका चित्रशाळेच्या पडवीत आम्ही बसतो. पावसाळ्याआधी तेथे काम नुकते सुरू होत असते, आणि मालक मोठ्या मनाचे, मुलांना चिकणमातीचे गोळे काढून देतात.

माती हातात आली की मुलांचे खरे प्रश्न सुरू होतात. दयाळ करायचा म्हणून सगळ्यांनी गोळा वळला, डोके केले, चोच काढली. पाय करायची वेळ आली तेव्हा पंचाईत. मातीचे काडीएवढे पाय पाखराचा भार घेईनात. मग कळले की जत्रेतली मातीची पाखरे नेहमी बसलेली का असतात! उभी शेपूटही मोडून पडे. शेवटी झावळाचा हीर खोचून शेपूट उभी केली. आणि पायांना बोटे किती, पुढे किती, मागे किती? कोणालाच सांगता येईना. मलाही येईना, हे येथे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा जोड डोळे फक्त पाखरांचे पाय पाहत होती. दयाळाची तीन बोटे पुढे आणि एक मागे, साळुंकीची तशीच, पण तांबटाची दोन पुढे, दोन मागे. पोपटाचीही दोन-दोन आणि भारद्वाजाचीही. झाडाच्या खोडाला धरून राहणाऱ्याला मागे दोन बोटे बरी, हे मुलांनी आपल्या आपण काढले. भारद्वाज मात्र जमिनीवरून ऐटीत चालतो, मग त्याला मागे दोन बोटे कशाला, ह्यावर पुष्कळ वाद झाला. तो कोकिळेच्या कुळातला, कुळाचे पाय घेऊन आला आहे, असे मी नंतर पुस्तकात पाहून सांगितले.

रंग विकत आणायचे नाहीत असा आमचा नियम. दयाळाला चुना आणि कोळसा पुरतो. मादी करायची तर कोळशात चुना मिसळून करडा रंग. लालबुड्या बुलबुलाला शेपटीखाली गेरूचे एक बोट. पोपटासाठी मात्र हिरवे सापडेना, तेव्हा मुलांनी माडाच्या पातीचाच पोपट विणला आणि प्रश्न मिटवला. ही पाती विणण्याची कला तेथील म्हाताऱ्यांना येते. त्यातल्या एका आजोबांनी आम्हाला ती शिकवली आणि जाता जाता पातीची पिपाणी करून मुलांच्या हाती दिली. त्या दिवशी मग दुसरे काही शिकवणे शक्य झाले नाही.

पोपटाला तेथील मुले 'कीर' म्हणतात. एका शहाण्या मुलाने दुसऱ्याला दटावले, "कीर नव्हे, पोपट म्हण, पुस्तकात पोपट आहे." मी त्याला थांबवले. कीर हा संस्कृतातलाच शब्द. कवींनी तो शतकानुशतके वापरला, आपण शहरात विसरलो, पेडण्या-डिचोलीने तो जपला. असे शब्द मुलांच्या तोंडून काढून घेऊन आपण त्यांना नेमके काय शिकवतो, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो आहे. नुकतेच, २०२५ च्या जूनमध्ये, निवर्तलेले मारुती चितमपल्ली ह्यांनी 'पक्षीकोश' रचताना पाखरांची ठिकठिकाणची नावे गोळा केली त्याचे मोल मला तेव्हा कळले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली ह्यांचा १२ नोव्हेंबर. ह्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात आता पक्षिसप्ताह म्हणून पाळतात.

पुस्तके शेवटच्या दोन दिवसांत उघडायची. सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' १९४१ साली निघाले; त्याची एक जुनी प्रत वडिलांच्या एका शागिर्दाने मला दिलेली आहे, ती नेतो. जमाल आरा ह्यांनी नेहरू बाल पुस्तकालयासाठी १९७० साली लिहिलेले पक्षिनिरीक्षणाचे छोटे पुस्तक मुलांच्या हातात मावते, म्हणून तेही. ज्या शहरात सयाजीराव महाराजांच्या काळी 'श्री सयाजी बालज्ञानमाला' निघाली, तेथे मुलांच्या पुस्तकाचे महत्त्व मी काय सांगावे? पण माझा अनुभव असा की, ज्या मुलाने दयाळाची शेपूट मातीत तीनदा मोडली आहे ते मूल पुस्तकातले चित्र पाहून प्रथम त्यातली चूक शोधते. असा वाचक लेखकाला भेटायला भाग्य लागते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातील पक्ष्यांची मोजणी होते. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली ही प्रथा २०१३ पासून आपल्याकडेही रुजली आहे. निदान पंधरा मिनिटे एका जागी बसून दिसतील ते पक्षी टिपायचे, एवढेच तिचे नियम. पेडण्याची मुले ओसरीवर बसून टिपतात आणि कावळे मोजताना भांडतात.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की मास्तरांचे फार छान चालले आहे. तसे नाही. दुसऱ्या वर्षी पेडण्याला माझ्या हातून एक गोष्ट घडली ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला बरे वाटत नाही.

तिसरा दिवस होता. मुलांना घरी पाठवताना मी सहज म्हणालो, "उद्या येताना पाखरांचे काहीतरी घेऊन या. पीस, घरटे, काय सापडेल ते." दुसऱ्या दिवशी कोणी कावळ्याचे पीस आणले, कोणी कबुतराचे. एक आठ वर्षांचा मुलगा शाळेचा डबा दोन्ही हातांत धरून आला. डब्यात लिंबाची फांदी होती. तिची दोन पाने कडेने एकमेकांना शिवलेली, आत कापूस, आणि कापसात बोराहूनही लहान अशी तीन ठिपकेदार अंडी. शिंप्याचे घरटे.

मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांच्या देखत. तुला अक्कल आहे का, कळत नाही का, असे काहीबाही बोललो. मग आम्ही धावत त्याच्या घरामागे गेलो, फांदी सुतळीने झाडाला बांधली. शिंपी जवळच्या कुंपणावर शेपूट वर करून सारखा ओरडत होता. एवढ्याशा पाखराचा आवाज किती मोठा! तो फांदीपर्यंत आला, वळला, पुन्हा आला. आत काही शिरला नाही. संध्याकाळपर्यंत अंड्यांना मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिले आणि मग शांतपणे म्हणाल्या, "तुमीच न्हय हाडूंक सांगिल्लें?" तुम्हीच ना आणायला सांगितलेत?

ह्याला उत्तर नव्हते. मुलाने मास्तरांचे ऐकले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानपाखराचे घरटे किंवा अंडी हलवणे हीसुद्धा शिकारच ठरते. म्हणजे आठ वर्षांच्या पोराला मी शिकारीला पाठवले होते, आणि तो शिकार घेऊन आल्यावर त्यालाच दटावले होते.

त्या रात्री मला सालिम अलींच्या लहानपणची हकीकत आठवली. त्यांनी ती आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, म्हणून मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथले मिलार्डसाहेब त्या भेदरलेल्या पोरावर रागावले नाहीत. त्यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, आणि एकामागून एक खण उघडून सोसायटीचा पक्ष्यांचा संग्रह त्याला दाखवला. तो काळ निराळा होता, पाखरे मारून जमवण्याचा होता, हे कबूल. तरी मला राहून राहून वाटे की मिलार्डसाहेबांच्या जागी मी असतो तर सालिम अली घरीच बसले असते.

सकाळी मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. मोडलेले घरटे त्याने टाकले नव्हते. डब्यातच ठेवले होते. मी म्हणालो, "चूक माझी होती. हे मी तिकडे सगळ्यांना सांगणार आहे. आता हे कसे शिवले आहे ते बघू या का?" तो काही बोलला नाही, पण डबा घेऊन माझ्यामागून आला. ओसरीवर मी मुलांना सांगितले की आणायला सांगितले ते मी, म्हणून अंडी गेली ती माझ्यामुळे. मुले गंभीर झाली आणि दोन मिनिटांत विसरली.

मग आम्ही सुईच्या टोकाने एकेक टाका उकलला. मला वाटत होते, शिंप्यासारखा एकच दोरा आत-बाहेर गेलेला असेल. तसे नव्हते. प्रत्येक टाका निराळा. चोचीने भोक पाडून कोळिष्टकाचा नाहीतर कापसाचा तंतू ओवायचा, आणि बाहेरचे टोक पिंजून फुगवायचे, की ते मागे सरकत नाही. गाठ मारायची गरजच नाही. मामीने सुया-दोरे दिले आणि सगळ्यांनी लिंबाची दोन-दोन पाने शिवायला घेतली. पाने फाटली. पुन्हा घेतली, पुन्हा फाटली. दुपारपर्यंत फक्त त्या एका मुलाची पाने शिवून झाली, तीही भोकाच्या कडेला थोडी चिरलेलीच. त्याने ती उन्हाकडे धरून पाहिली आणि डब्यात ठेवली.

वस्तू आणायला सांगणे त्या दिवसापासून बंद. पाहिलेले सांगायचे, ऐकलेले गाऊन दाखवायचे, आणि घडवायचे ते मातीत, पातीत, कागदात.

गेल्या मे महिन्यात तो मुलगा भेटला. आता बराच उंच झाला आहे, सायकलवरून आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला की परसात पुन्हा शिंप्याने घर केले आहे, आत पिल्ले आहेत. मी म्हणालो, "चल, दाखव बघू."

तो हसला. "दाखोवचो ना, सर," म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.